भिंतीच्या पोटातली सळई

निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी आमच्या जुन्या घराचे छप्पर नेले, त्या वेळी एक त्रिकोणी भिंत सोडली तर आमच्या भिंती मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. दापोली तालुक्यात हर्णै आणि केळशी यांच्या दरम्यान, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची वाडी आहे. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर मंगळुरी कौले. वारा आधी जमिनीकडून आला आणि मग दिशा बदलत बदलत समुद्रावरून आला. या दुसऱ्या फेऱ्यात वासे उचलले गेले आणि आधार सुटलेली पश्चिमेची त्रिकोणी भिंत अंगणात पडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि डागडुजी केलेली कौले पुन्हा फुटली. तेव्हा मी ठरवले की जुने घर जमेल तसे सांभाळायचे, पण वाडीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक पडवी असे लहान घर नव्याने बांधायचे आणि त्याचे छप्पर पायापर्यंत बांधलेले असेल हे पाहायचे.

‘छप्पर पायापर्यंत बांधलेले’ हे शब्द माझ्या भाचीचे. ती पुण्याला बांधकामाच्या संरचनेचे काम करते. तिचे म्हणणे असे होते की वादळात छप्पर खाली दाबले जात नाही, ते वर ओढले जाते आणि ही ओढ कैचीतून, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यातून, भिंतीत, भिंतीतून जोत्यात आणि जोत्यातून पायात कुठेही खंड न पडता उतरली पाहिजे. भूकंपाच्या बाबतीतही आपला पट्टा निर्धास्त नाही; 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आमची आजी मुलांना घेऊन अंगणात कशी धावली होती, ते आम्ही लहानपणी अनेकदा ऐकले होते. चिऱ्याच्या भिंतीत ही साखळी तयार करायची तर मध्ये काँक्रीटचे खांब घालावे लागतात, कारण चिरा भरीव असतो आणि त्याच्या पोटातून सळई नेता येत नाही. पोकळ काँक्रीट ब्लॉकला मात्र मुळातच उभ्या पोकळ्या असतात. एकावर एक थर आले की त्या पोकळीचा वरपासून खालपर्यंत नळ होतो, त्यात सळई सोडायची आणि पातळ काँक्रीट ओतायचे. वेगळे खांब नकोत आणि त्यांचे शटरिंगही नको. जांभा सोडून ब्लॉक वापरतो म्हणून गावात बरीच बोलणी खावी लागली. जांभ्याच्या भिंतीचा गारवा आणि रूप यांना तोड नाही हे मलाही मान्य आहे.

नकाशावर हे काम फार सोपे दिसत होते. ब्लॉक 40 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 20 उंच. त्यामुळे पाच थरांचा एक मीटर. खिडकीच्या तळाशी पाचव्या थरात, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर अकराव्या थरात आणि छपराखाली पंधराव्या थरात यू आकाराचे ब्लॉक लावून त्यांत 10 मिलिमीटरच्या दोन-दोन आडव्या सळया घालायच्या होत्या, म्हणजे घराभोवती तीन पट्टे होणार होते. उभी सळई प्रत्येक कोपऱ्यात, भिंती मिळतात तिथे, प्रत्येक दारा-खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि लांब भिंतीत मधे मधे. कोपऱ्यांना आणि जोडांना 12 मिलिमीटरची, बाकी ठिकाणी 10 मिलिमीटरची. एकूण तीस पोकळ्या भरायच्या आणि उरलेल्या रिकाम्या ठेवायच्या होत्या. आपल्याकडच्या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात, म्हणजे आय. एस. 4326 मध्ये, उभ्या सळया आणि आडवे पट्टे यांची हीच जोडी सांगितलेली आहे.

पहिली अडचण भिंत सुरू होण्यापूर्वीच निर्माण झाली होती. जोत्याचे काम आम्ही मे महिन्यात उरकले आणि जोत्याच्या काँक्रीटमधून सळयांची 60 सेंटिमीटर उंचीची तीस टोके वर काढून ठेवली. (सळईच्या जाडीच्या पन्नासपट लांबी एकमेकींना चिकटून हवी, हा आमचा जोडाचा हिशेब होता, 12 मिलिमीटरला 60 सेंटिमीटर.) ती टोके पावसाळाभर उघडी राहणार, म्हणून त्यांना सिमेंटचे पाणी फासले आणि वर बूच लावलेले प्लास्टिकचे पाइप चढवले. ऑक्टोबरमध्ये पाइप काढले तेव्हा गंज होताच, पण तो हाताला लागणारा तपकिरी गंज होता, पापुद्रे सुटलेले नव्हते. तारेच्या ब्रशने घासून आणि खारटपणा जावा म्हणून गोड्या पाण्याने धुऊन ती टोके वापरण्याजोगी झाली. खरी चूक वेगळीच होती. जोते घालणाऱ्या कारागिराने टोकांची जागा भिंतीच्या मध्यरेषेवर बरोबर धरली होती, परंतु ब्लॉकची मांडणी आधी जमिनीवर सुक्याने करून पाहिली नव्हती. पहिला थर माल न लावता मांडून पाहिला, तेव्हा तीसपैकी सात टोके पोकळीच्या मध्यावर येत नव्हती. त्यांतली तीन तर थेट ब्लॉकच्या मधल्या पडद्याखाली, म्हणजे दोन पोकळ्यांमधल्या आडभिंतीखाली, येत होती.

आमच्या गवंड्यांनी लगेच पाइपचा तुकडा हातात घेतला आणि विचारले, “गुरुजी, दामटवू काय जरा? सळईच आहे, वाकेल.” मी भाचीला फोन केला. तिने सांगितले की वाकवण्याला मर्यादा आहे: सहा इंच उंचीत एक इंच, याहून तिरपी सळई करायची नाही, कारण अशी सळई ताण आला की सरळ होऊ पाहते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. चार टोके या मर्यादेत बसली. उरलेली तीन तशीच कापून टाकली आणि त्यांच्या बाजूला योग्य जागी जोत्यात भोके पाडून, ती फुंकून आणि ब्रशने स्वच्छ करून, इपॉक्सीच्या गोंदात नवी टोके बसवली. त्यात दोन दिवस गेले आणि खर्चही झाला. मे महिन्यात अर्ध्या तासाची सुकी मांडणी केली असती तर तो वाचला असता.

ब्लॉक भिजवण्यावरूनही वाद झाला. विटा आणि चिरे पाण्याने भिजवूनच लावायचे, ही गवंड्यांची पिढ्यांची सवय आहे आणि त्या सामग्रीसाठी ती योग्यच आहे. काँक्रीटचा ब्लॉक मात्र कोरडाच लावायचा असतो. भिजलेला ब्लॉक भिंतीत गेल्यावर सुकताना आकसतो आणि सांध्यांवर भेगा पडतात. आमचे गवंडी मान डोलावत, पण सकाळी मी पोहोचण्यापूर्वी पाइप मारून मोकळे होत. शेवटी ब्लॉकच्या थप्पीवर ताडपत्री घालून मी तिच्या कडेला खुर्ची टाकली.

वाळू आणि पाणी यांबाबत आम्ही अधिक सावध होतो. खाडीची वाळू स्वस्तात आणून देणारे लोक आमच्याकडे दारात येतात. गवंडी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून खारट आहे की नाही ते सांगतात, पण जीभ शून्य मोजत नाही, म्हणून आम्ही खडी क्रशरची वाळूच मागवली. वाडीतली विहीर फेब्रुवारीनंतर मचूळ होते. सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि उन्हाळ्यात आमची विहीर त्याच्या आत राहील याची खात्री नव्हती. म्हणून वरच्या वाडीतल्या झऱ्याचे पाणी टाकीत भरून घेतले. मीठ आत गेले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि मग काँक्रीट आतून फुटते. किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या स्लॅबखाली उभे राहून वर पाहिले तर हे दिसते. भिंतीच्या बरोबर मध्यावर असलेल्या सळईला मात्र दोन्ही बाजूंनी नऊ सेंटिमीटरहून अधिक आच्छादन मिळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. अर्थात सळई मध्यावर असेल तर.

सळई कशी घालायची, यावर मी स्वतः बराच वेळ घालवला, कारण आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला ही संधी सोडवत नव्हती. तीन मीटरची अखंड सळई उभी केली तर प्रत्येक ब्लॉक तिच्या टोकावरून ओवून खाली आणावा लागतो, आणि सतरा-अठरा किलोचा ब्लॉक दिवसभर डोक्याच्या वर उचलणे कोणाच्याही पाठीला झेपणारे नाही. म्हणून भिंतीचे तीन टप्पे केले: पाच थर, सहा थर आणि चार थर. प्रत्येक टप्प्याचे ब्लॉक आधी लावायचे, मग वरून सळई सोडायची, मग काँक्रीट ओतायचे. 12 मिलिमीटरच्या सळईचे पहिल्या टप्प्याचे तुकडे 1.6 मीटरचे, दुसऱ्याचे 1.8 मीटरचे आणि वरच्या पट्ट्यात वाकवायचे शेवटचे 1.2 मीटरचे. बारा मीटरच्या एका सळईतून 1.6 चे तीन आणि 1.8 चे चार तुकडे काढले तर काहीच उरत नाही, 1.2 चे दहा काढले तरी काहीच उरत नाही. सळई कापणाऱ्या मुलाला मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्याने ते शांतपणे ऐकून घेतले.

पहिला टप्पा नोव्हेंबरमध्ये भरला. पोकळीत ओतायचे काँक्रीट हे नेहमीच्या काँक्रीटसारखे नसते, आणि गवंड्यांच्या मनाला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच होती. एक भाग सिमेंट, अडीच ते तीन भाग वाळू, दीड भाग दहा मिलिमीटरच्या आतली बारीक खडी, आणि पाणी इतके की माल आमटीसारखा वाहावा. भाचीने स्लंप, म्हणजे माल किती खाली बसतो ते, मोजायचा शंकू आणला होता, तीस सेंटिमीटर उंचीच्या त्या शंकूतून काढल्यावर माल वीस सेंटिमीटरपेक्षा अधिक बसला तेव्हा ती म्हणाली, “मामा, आता बरोबर आहे.” गवंडी मात्र खरोखर व्यथित झाले होते. पातळ माल म्हणजे कमजोर माल, हे त्यांनी आपल्या वडिलांकडून शिकलेले होते आणि स्लॅबच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे आहे. फरक इतकाच की इथे साचा लोखंडी पत्र्याचा नाही, कोरड्या ब्लॉकचा आहे. तो जादा पाणी काही मिनिटांत शोषून घेतो आणि आत उरलेला माल घट्ट होतो. घट्ट माल ओतला तर तो वाटेतच अडकतो. हे भाचीने दोनदा समजावले, त्यांनी दोनदा ऐकले, आणि ती दुपारच्या गाडीने परत गेल्यावर पुढच्या मिश्रणात त्यांनी पाणी थोडे कमी केले. मला ते नंतर कळले.

कळले ते बादल्यांमुळे. एका पोकळीला मीटरभर उंचीत साधारण 19 लिटर माल लागतो, म्हणजे दहा लिटरच्या दोन बादल्यांना थोडा कमी. कोणत्या पोकळीत किती बादल्या गेल्या ते मी वहीत लिहीत होतो, ते केवळ सिमेंटचा हिशेब लागावा म्हणून. ईशान्येच्या कोपऱ्यात एक बादली आणि वर जेमतेम दोन लिटर एवढ्यातच पोकळी काठोकाठ भरली. बारा लिटर. सात लिटरची जागा कुठे गेली? गवंडी म्हणाले की ब्लॉक थोडे जाड आले असतील. मी दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडीच्या दांड्याने सगळे कोपरे वाजवून पाहिले. तीन कोपऱ्यांचा आवाज खालपासून वरपर्यंत भरीव आला. ईशान्येच्या कोपऱ्यात खालचे दोन थर मडक्यासारखे वाजत होते.

ग्राइंडरने दुसऱ्या थराच्या ब्लॉकचा बाहेरचा पापुद्रा कापून काढला, तेव्हा जे दिसले ते मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरामधल्या सांध्यातून ब्लॉक जोडायचा माल आत ओघळून तिथे एक ओटाच तयार झाला होता. सळई त्या ओट्याला टेकून एका बाजूला भिंतीला चिकटली होती. वरून आलेला माल या अडथळ्यावर बसला होता आणि खाली हातभर सळई पूर्ण उघडी, कोरडी लटकत होती. जोत्यातून आलेले टोक आणि वरची सळई जिथे एकमेकींना धरणार, नेमकी तीच जागा रिकामी होती. त्या भिंतीला गिलावा झाला असता तर हे कोणालाही कधीच दिसले नसते, आणि वादळाची ओढ आली असती तेव्हा त्या कोपऱ्यात धरायला काही नव्हते.

गवंडी बराच वेळ त्या भोकाकडे पाहत उभे राहिले. मग स्वतःच म्हणाले, “पाणी मी कमी केलं होतं.” मी काही बोललो नाही, कारण ओटा काढून न टाकण्यात चूक माझीही होती; रोज संध्याकाळी पोकळीत डोकावण्याचे काम मी माझ्याकडे घेतले होते आणि वरून विजेरी मारून तळ दिसतो आहे असे समजून समाधान मानत होतो. तिरप्या प्रकाशात ओट्याची कडा आणि तळ यांतला फरक कळत नाही.

तो कोपरा आम्ही दुरुस्त केला: ओटा फोडला, सळई ओढून मध्यावर आणली, तळ झाडून घेतला आणि कापलेल्या जागेवर फळीचे तिरपे तोंड बांधून, ते भोकाच्या वरच्या कडेपेक्षा उंच ठेवून माल भरला, म्हणजे वर हवा अडकून राहू नये. त्यानंतर आमची पद्धत बदलली. सर्वसाधारण प्रघात असा आहे की एका वेळी साधारण 1.6 मीटरहून अधिक उंच भरायचे असेल तरच पोकळीच्या तळाशी साफसफाईची खिडकी ठेवतात. आमचे टप्पे त्याहून कमी उंचीचे होते, म्हणून आम्ही खिडक्या ठेवल्या नव्हत्या. दुसऱ्या टप्प्यापासून मी प्रत्येक भरायच्या पोकळीला सर्वांत खालच्या ब्लॉकमध्ये दहा सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापून घेतली. त्या खिडकीतून दाढीचा आरसा आत धरून वर पाहिले की आकाशाचा चौकोन दिसतो. त्या चौकोनात काही घुसलेले असेल तर लपत नाही. त्याच खिडकीतून खालची आणि वरची सळई तारेने बांधता येते. वरच्या टोकाला खाच पाडलेली लाकडी पट्टी आडवी ठेवून सळई मध्यावर धरली जाई.

सळई थोडी कडेला गेली तर काय बिघडते, असे एका बिगाऱ्याने विचारले होते आणि प्रश्न रास्त होता. वीस सेंटिमीटरच्या भिंतीत सळई मध्यावर असेल तर बाहेरून ढकलले काय किंवा आतून ढकलले काय, तिला दहा सेंटिमीटरचा हात, म्हणजे तरफेची लांबी, मिळतो. ती चार सेंटिमीटर सरकली तर एका बाजूने चौदा मिळतो आणि दुसऱ्या बाजूने सहाच. निसर्गच्या दिवशी वारा दोन्ही बाजूंनी आला होता, हे त्या बिगाऱ्याने स्वतः पाहिलेले होते. त्याला पुढे काही सांगावे लागले नाही.

सांध्यांमधला ओघळ काढण्याचा उपाय मात्र गवंड्यांनीच शोधला. गोणपाटाचा एक घट्ट बोळा करून तो सुंभाला बांधला, पहिल्या थरालाच पोकळीत ठेवला आणि भिंत वाढेल तसतसा प्रत्येक थरानंतर तो वर ओढत गेले. माल ओला असतानाच बोळ्याने पोकळी पुसली जाई आणि वरून पडलेलाही बोळ्यावरच अडके. याशिवाय ते माल पसरताना आतल्या काठापासून बोटभर मागे ठेवू लागले. पण भरायच्या पोकळीच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर मात्र माल न चुकता लावत, नाहीतर ओतलेले काँक्रीट शेजारच्या रिकाम्या पोकळीत झिरपून जाते. यू ब्लॉकच्या पट्ट्याखालीही हीच अडचण होती: पट्ट्याचे काँक्रीट खालच्या रिकाम्या पोकळ्यांत पडू नये म्हणून त्यांच्या तोंडावर कोंबडी जाळीचे तुकडे ठेवले.

दुसरा टप्पा डिसेंबरच्या मध्यावर भरला. या वेळी शंकू मी ठेवून घेतला होता आणि माप गवंडी स्वतः घेत होते. माल ओतला की सळईच्या तुकड्याने लगेच कोचायचे, दहा मिनिटे थांबायचे, ब्लॉकने पाणी शोषले की माल तीन-चार सेंटिमीटर खाली बसतो, मग पुन्हा कोचायचे आणि वर भर घालायची. हे दुसरे कोचणे कंटाळवाणे असते, कारण तोवर माणसे पुढच्या पोकळीवर गेलेली असतात. पण पाणी गेल्यावर आत ज्या फटी पडतात त्या यानेच बुजतात. तीस पोकळ्यांच्या वहीत या वेळी एकही आकडा वावगा आला नाही. जिथे पट्टा नव्हता तिथे माल ब्लॉकच्या काठापर्यंत न भरता चार सेंटिमीटर खाली थांबवला, म्हणजे पुढचे काँक्रीट त्या खाचेत बसेल आणि दोन टप्प्यांमधला जोड ब्लॉकच्या सांध्यावर येणार नाही.

तिसऱ्या टप्प्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तो दोन दिवसांत उरकला. वरच्या पट्ट्यात उभ्या सळया वाकवून आडव्या सळयांखाली अडकवल्या आणि कैचीसाठी इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचे बोल्ट त्याच काँक्रीटमध्ये बसवले. फेब्रुवारीत लोखंडी कैच्या चढल्या आणि प्रत्येक नट मी स्वतः पान्याने तपासला.

घराच्या कागदपत्रांच्या पेटीत मी एक कागद ठेवला आहे. त्यात प्रत्येक भिंतीचा आराखडा असून भरलेल्या तीस पोकळ्या लाल पेन्सिलीने आणि रिकाम्या पोकळ्या कोऱ्या दाखवल्या आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यात दुरुस्तीची तारीखही आहे. एप्रिलमध्ये नळजोडणीसाठी आलेल्या माणसाने भिंतीला छिन्नी लावण्यापूर्वी मी तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याने हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी वाजवून पाहिले, कागदाशी ताडून पाहिले आणि पाइप रिकाम्या पोकळीतून वर नेला.